वाचन आवडत नाही, की झेपत नाही?

‘मला वाचायला आवडत नाही’ असं कुणी म्हटलं की मी विचारते, किती वेळाने आवडेनासं होतं? पहिल्याच ओळीला? दोन पानांनी? की पुस्तक हातात घ्यायच्याही आधी? समोरचा माणूस जरा गडबडतो, कारण हे त्याला कुणी कधी विचारलेलंच नसतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे असे प्रश्न विचारायची मला सवयच आहे. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या पेशंटला नुसतं ‘दुखतो का?’ विचारून भागत नाही. जिना चढताना दुखतो की उतरताना, किती चाललं की सुरू होतं, बसल्यावर किती वेळाने थांबतं, हे कळल्याशिवाय व्यायाम ठरवताच येत नाही. वाचनाच्या बाबतीत मात्र आपण माणसांची सरळ दोन गटांत वाटणी करून मोकळे होतो: आवड असलेले आणि आवड नसलेले.

चाळिशी उलटेपर्यंत मी दुसऱ्या गटात होते. शाळा-कॉलेजात वाचलं ते परीक्षेपुरतं. आता रोज वाचते आणि एखादा दिवस कोरडा गेला तर चुकल्याचुकल्यासारखं होतं. आधी मला वाचन झेपायला लागलं, आवड मागाहून आली. ज्यांना वाचायची इच्छा आहे पण जमत नाही, त्यांच्यासाठी हा क्रमच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात मोजण्यापासून केली. एक सोपं पुस्तक घेऊन बसले आणि लक्ष नेमकं कुठे सुटतं ते बघितलं. दीड-दोन पानं ठीक जायची. त्यानंतर डोळे ओळींवरून फिरायचे, पान उलटलं जायचं, पण डोक्यात काही शिरलेलं नसायचं. मग मागे जायचं, तोच परिच्छेद पुन्हा वाचायचा, पुन्हा तेच. याच ठिकाणी पुष्कळ लोक पुस्तक मिटतात आणि ‘आपला हा प्रांत नाही’ असं ठरवून टाकतात. मी पेशंटच्या कार्डावर लिहिते तसं वहीत लिहून ठेवलं: सलग क्षमता, साधारण पाच मिनिटं. एकदा असा आकडा हाती आला की स्वतःला दोष देण्यात वेळ जात नाही. पाचावरून सहावर कसं जायचं, एवढंच बघायचं उरतं.

मागे जाऊन पुन्हा वाचावं लागतं याचा तेव्हा मला फार त्रास व्हायचा. वाचताना डोळा काय करतो हे समजून घेतल्यावर तो त्रास गेला. आपल्याला वाटतं डोळा ओळीवरून संथपणे सरकत जातो. प्रत्यक्षात तो उड्या मारतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एमिल जावाल या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत ही गोष्ट नोंदली गेली. एका जागी डोळा सरासरी पाव सेकंदभर थांबतो, तेवढ्यात चार-सहा अक्षरं नीट टिपतो आणि पुढे उडी घेतो. उडी चालू असताना आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नसतं. आणि सराईत वाचकाच्याही दर शंभर उड्यांपैकी दहा-पंधरा उड्या मागच्या दिशेने असतात. म्हणजे मागे जाणं हा वाचण्याचाच भाग आहे.

हे खरं वाटेना म्हणून मी फोन पुस्तकाच्या वरच्या कडेला टेकवून स्वतःच्या डोळ्यांचा स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला. जरूर काढून बघा. बुबुळ थांबतं, टुणकन उजवीकडे सरकतं, थांबतं, पुन्हा सरकतं. मध्येच किंचित डावीकडे येतं. ओळ संपली की डावीकडे एक लांब झेप, आणि ती झेप नेमकी पडली नाही तर लगेच एक छोटी दुरुस्ती. एका पानासाठी डोळ्यांचे सहा-सहा लहान स्नायू किती वेळा काम करतात हे बघून, पहिल्या आठवड्यात दमायला का होतं ते मला पटलं. त्यात लिपी ही माणसाच्या इतिहासात जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वी आलेली गोष्ट. बोलणं लहान मूल घरातल्यांचं ऐकून शिकतं, वाचन शिकवावं लागतं, आणि शिकल्यावर राबवावं लागतं. प्लास्टरमध्ये काही आठवडे राहिलेला पाय बारीक होतो, तेव्हा ‘तुम्हाला चालण्याची आवड नाही’ असं आम्ही पेशंटला कधी म्हणत नाही.

डोळ्यांचीच आणखी एक गोष्ट. चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि जवळचं स्पष्ट दिसायला त्रास होऊ लागतो. हे इतकं हळूहळू होतं की कळत नाही. मी पुस्तक थोडं लांब धरायला लागले होते आणि संध्याकाळी वाचलं की कपाळ जड व्हायचं. तपासून घेतलं, जवळचा नंबर निघाला, आणि चष्मा लागल्यावर त्याच पुस्तकाची पानं निम्म्या श्रमात जाऊ लागली. म्हणून कुणीही मला वाचनाचा सल्ला विचारला की पुस्तकाचं नाव सांगायच्या आधी मी डोळे तपासायला पाठवते. लहान मुलांच्या बाबतीत तर याहून जास्त काळजी घ्यावी. मूल हुशार आहे, बोलण्यात चुणचुणीत आहे, पण वाचायला बसवलं की अडखळतं, अक्षरं उलटसुलट करतं, टाळाटाळ करतं, तर तो आळस आहे असं गृहीत धरू नका. डिस्लेक्सिया असेल तर त्याला शिकवण्याची पद्धत वेगळी असते, आणि ती वेळेवर मिळाली तर खूप फरक पडतो. रागावून फक्त पुस्तकाची धास्ती बसते.

आता डोसबद्दल. व्यायाम देताना मी एक नियम पाळते: उद्या पुन्हा करता येईल एवढंच आज करायचं. पेशंटला एखाद्या दिवशी बरं वाटतं, उत्साहात तो दुप्पट करतो, दुसऱ्या दिवशी गुडघा सुजतो आणि मग आठवडाभर काहीच होत नाही. वाचनातही अगदी हेच होतं. सुट्टीच्या दिवशी तीन तास नेटाने बसायचं, डोकं जड करून उठायचं, आणि पुढचे कित्येक दिवस पुस्तकाकडे बघायचं नाही. मी पाच मिनिटांचा टायमर लावायचे आणि तो वाजला की थांबायचे, मजा येत असली तरी. मजा येत असताना थांबणं फार उपयोगाचं ठरलं. प्रकरण संपवून पुस्तक ठेवलं की दुसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात करायला जोर लावावा लागतो. एखाद्या प्रसंगाच्या मधोमध ठेवलं की पुढे काय झालं हे डोक्यात घोळत राहतं आणि उचलायला कष्ट पडत नाहीत.

पण डोस ठरवला तरी तो घ्यायचा कधी, हे ठरवल्याशिवाय काही होत नाही. माझ्याकडे खांद्यासाठी येणारे एक काका आहेत. पहिल्या आठवड्यात आमचं बोलणं असं झालं.

“काका, व्यायाम रोज करता ना?”

“करतो की. वेळ मिळाला की करतो.”

“काल केला?”

“काल जरा धावपळ होती.”

“परवा?”

काका हसले. मी त्यांना म्हटलं, “तुम्ही दात कधी घासता?” म्हणाले, “उठल्या उठल्या.” “वेळ मिळाला तर?” “अहो मॅडम, त्यात वेळ काय मिळायचाय!” मग ठरलं, दात घासून झाले की तिथेच भिंतीवर बोटं चालवायचा व्यायाम करायचा. तेव्हापासून त्यांचा खांदा नीट वर जायला लागला. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली हीच गोष्ट नीट मांडली होती. ‘मी वाचेन’ या नुसत्या संकल्पापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक ठिकाणी बसून वाचेन’ असं ठरवलेलं बरंच जास्त पार पडतं. कारण त्या क्षणी पुन्हा निर्णय घ्यावा लागत नाही.

माझी वेळ मला क्लिनिकमध्येच सापडली. पेशंटला आय.एफ.टी.च्या, म्हणजे दुखणं कमी करायला सौम्य करंट देणाऱ्या, मशीनचे पॅड लावले की साधारण पंधरा मिनिटं ते मशीन चालू असतं. पेशंट पडून असतो, करंट बरोबर लागतोय ना हे एक-दोनदा विचारायचं असतं, बाकी वेळ मी शेजारच्या स्टुलावर बसलेली असते. आधी त्या वेळात फोन हातात असायचा. मी फोन टेबलाच्या खणात ठेवायला लागले आणि मशीनच्या वरच्या कप्प्यात पुस्तक. पॅड लावले, तीव्रता सेट केली, पुस्तक उघडलं. संपल्यावर मशीनच बीप देतं, म्हणजे थांबायची वेळही आपोआप कळते. घरी वाचायला मी मुद्दाम फार उशिरा सुरुवात केली. घरी पुस्तक उघडलं की दहा कामं आठवतात.

सवय लागायला किती दिवस लागतात, हे सगळेच विचारतात, आणि एकवीस दिवस हे उत्तर कुठून तरी ऐकलेलं असतं. त्या एकवीसचा उगम आमच्या क्षेत्राजवळचा आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची, किंवा हात-पाय गमावल्यावर त्या उणिवेची सवय व्हायला पेशंटला किमान एकवीस दिवस लागतात असं त्यांचं निरीक्षण होतं, ते त्यांनी १९६० साली लिहिलं. त्यातला ‘किमान’ पुढे गळून गेला आणि त्याचा सगळ्या सवयींसाठी कायदा झाला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगितलं होतं. २०१० साली छापून आलेल्या त्या अभ्यासात कृती अंगवळणी पडायला लागलेला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांतला फरक प्रचंड: १८ पासून २५४ पर्यंत, ज्यातले बारा आठवड्यांपलीकडचे आकडे गणिताने काढलेले होते. मला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट जास्त मोलाची वाटते. एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात विशेष फरक पडला नव्हता. पेशंट एक दिवस व्यायाम चुकला की ‘आता सगळं मुसळ केरात’ असं म्हणून सोडून देतात, त्यांना मी हेच सांगते. क्लिनिकला लागून सुट्ट्या आल्या की माझंही वाचन बंद पडायचं. मशीन सुरू झालं की पुस्तकही सुरू व्हायचं.

काय वाचायचं, याबद्दल माझं मत जरा ठाम आहे. सुरुवातीला थोर पुस्तकाच्या वाटेला जाऊ नये. ‘हे तर वाचलंच पाहिजे’ अशा यादीतलं पुस्तक हे नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी बैठका मारायला लावण्यासारखं आहे. ज्या विषयातलं आपल्याला आधीच थोडंफार कळतं तिथून सुरू करावं. अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी केलेला एक प्रयोग आहे, १९८८ साली प्रसिद्ध झालेला. शाळेतल्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. मुलं चार प्रकारची: वाचनात चांगली आणि कच्ची, बेसबॉल कळणारी आणि न कळणारी. वाचनात कच्ची पण खेळ कळणारी मुलं, वाचनात पुढे असूनही खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा मजकूर जास्त चांगला समजू शकली. मला या प्रयोगाचं फार अप्रूप आहे. ‘कच्चा वाचक’ हा शिक्का किती पोकळ असतो ते त्यातून दिसतं. तोच मुलगा, पुस्तक बदललं की पक्का!

माझं पहिलं पूर्ण झालेलं पुस्तक एका लांब पल्ल्याच्या धावपटूचं आत्मकथन होतं. त्यात एका ठिकाणी टाचेच्या वरची शीर धावताना कशी आधी कुरकुरते, मग सकाळी पहिली पावलं टाकताना कशी ताठते, याचं दोन पानं वर्णन होतं. दुसऱ्या कुणी ती दोन पानं चाळली असती. मी ती श्वास रोखून वाचली. हा माणूस सराव थांबवणार नाही हे मला कळत होतं, शीर तुटणार हेही कळत होतं, आणि टायमर वाजला तरी मी पुस्तक खाली ठेवलं नाही. डोस मोडला तो पहिल्यांदा तेव्हा. त्यानंतर मी खेळाडूंची आणखी चरित्रं वाचली, तिथून गिर्यारोहणावरची पुस्तकं, तिथून हिमनद्या, आणि एके दिवशी हवामानाच्या इतिहासावरचं एक जाडजूड पुस्तक हातात होतं, जे आधी मी कपाटातून काढलंही नसतं. प्रत्येक वेळी हातातल्या पुस्तकातलं काहीतरी ओळखीचं होतं, म्हणून त्यातल्या अनोळखी भागाची भीती वाटली नाही.

आणि जे पुस्तक धरत नाही ते सोडून द्यावं, मनात काही न ठेवता. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यात ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ आहे, ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ आहे आणि ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हेही आहे. आयुष्यभर पुस्तकांच्या सहवासात राहिलेला माणूस वाचकाच्या वेळेची एवढी कदर करतो, तर आपण एका रटाळ पुस्तकाशी महिनोन्महिने का झुंजावं? अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचं ओझं हे माझ्या ओळखीतल्या कितीतरी लोकांचं वाचन थांबण्याचं खरं कारण आहे. ते संपत नाही म्हणून दुसरं घेत नाहीत, आणि दुसरं घेत नाहीत म्हणून वाचतच नाहीत.

कादंबऱ्या मला बराच काळ जड गेल्या. माणसं लक्षात राहायची नाहीत. पाच मिनिटांच्या तुकड्यांनी वाचलं की ‘ही सुमती कोण, वहिनी की मावशी?’ असं व्हायचं. मग मी खुणेसाठी पुस्तकात घालायच्या कार्डावरच पात्रांची नावं आणि नाती लिहायला लागले. वर आजोबा, त्यांच्याखाली मुलं, बाणांनी जोडलेले शेजारी, ज्याच्याबद्दल संशय आहे त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. आणि थांबताना त्याच कार्डावर पेन्सिलीने एक ओळ: ‘पत्र सापडलंय, अजून उघडलेलं नाही.’ दुसऱ्या दिवशी ती ओळ वाचली की लगेच कथेत परत जाता येतं. वाचनाची आवड असलेल्या लोकांना हे शाळकरी वाटेल, पण ज्यांचा धागा सारखा तुटतो त्यांनी करून बघावं.

वेग वाढवायच्या नादाला मी लागले नाही. इंग्रजीतला माहितीपर मजकूर मनात वाचणाऱ्या प्रौढांचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्दांच्या आसपास असतो, असं मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ साली १९० अभ्यास एकत्र करून काढलं. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटत असल्याने तो आकडा आपल्याला तसाच लावता येत नाही. महत्त्वाचं हे की मिनिटाला हजार शब्द वाचायला शिकवण्याचा दावा कुणी केला, तर त्यात समजण्याचा भाग कुठे गेला ते विचारावं. मनातल्या मनात उच्चार होतो तोही दाबू नये. गुंतागुंतीचा मजकूर समजायला त्याची मदतच होते.

कागद की स्क्रीन, या प्रश्नावर २०१८ साली ५४ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला होता. माहितीपर मजकूर असेल किंवा वेळेचं दडपण असेल तेव्हा कागदावर वाचलेलं थोडं जास्त समजतं. गोष्टींच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही. त्यामुळे माझी वाटणी सोपी आहे. कथा कशावरही वाचते, डोक्याला ताण देणारं कागदावर.

आता सलग पाऊण तास सहज बसता येतं. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ साली एक गोष्ट दाखवून दिली होती: जो वाचतो त्याचे शब्द आणि समज वाढते, त्यामुळे पुढचं वाचन सोपं जातं आणि तो आणखी वाचतो, जो टाळतो त्याच्या बाबतीत हेच उलट्या दिशेने घडतं. त्यांचं लिखाण शाळकरी मुलांबद्दल होतं, पण पंचेचाळीसाव्या वर्षी हा अनुभव मी स्वतः घेतला आहे, आणि उशीर झाला म्हणून तो काही कमी पडला नाही. पेशंटशी बोलतानाही फरक जाणवतो. दुखणं कसं आहे हे सांगायला माणसं किती वेगवेगळे शब्द वापरतात, ते मला आता जास्त ऐकू येतं.

मागच्या आठवड्यात खांदेवाले काका मशीन लावून पडले असताना म्हणाले, “मॅडम, तुम्ही सारखं वाचता. मला पण एखादं पुस्तक द्या. पण सांगून ठेवतो, मला वाचायचा कंटाळा आहे.” मी त्यांना विचारलं, “कशाबद्दल तुम्ही तासभर न थकता बोलू शकता?” क्षणभरही विचार न करता म्हणाले, “इंजिनं. मोटरसायकलची.” आणि पुढची दहा मिनिटं मला कार्ब्युरेटर समजावून सांगत होते. तेव्हा आता इंजिनांवरचं, मोठ्या टायपातलं, पाच-सहा पानांची छोटी प्रकरणं असलेलं पुस्तक मी त्यांच्यासाठी शोधते आहे. चष्म्याचा नंबर मात्र त्यांना आधी तपासायला सांगितलाय.